नाणं आलं का?

…आणि वर मला विचारतो काय, तर "काका, स्टिकरचा विमा उतरवायचा का?" स्टिकरचा! नाण्याचा नाही हं, नाणं ज्या डबीत बसलंय त्या डबीचाही नाही, त्या डबीच्या कोपऱ्यात जे नखाएवढं हिरवं स्टिकर चिकटवलंय ना, त्याचा विमा! मी म्हटलं, "बाबा रे, त्यापेक्षा माझा उतरव, कारण मी आत्ता इथेच तुझ्या काउंटरवर आडवा होणार आहे!" तर हसला. त्याला वाटलं म्हातारा विनोद करतोय. तुम्हाला सांगतो, शिसारी आली हो मला, शिसारी!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस उगाच तडतडतोय. तडतडतोच आहे मी. पण उगाच नाही!

माझे बाबा शिंपी. कोट-पँट शिवायचे. आणि त्यांच्याकडे एक नाणं होतं. चांदीचं, चांगलं जाडजूड, एका अंगाला कुठल्यातरी राजाचं तोंड. आता शिंप्याला चांदीचं नाणं कशाला? जपायला? छे! खिशाला! कोटाच्या खिशाचा खालचा कोपरा गोल करायचा असतो ना, तर बाबा कापडावर ते नाणं ठेवायचे, बाजूने खडू फिरवायचे, की झाला कोपरा गोल. पन्नास वर्षं हेच. आणि नाणं ठेवायचं कसं, तर राजाचं डोकं वर. नेहमी वर. एकदा मी लहानपणी खोडी म्हणून राजाला उलटा करून ठेवला, तर माझ्या हातावर पट्टी बसली. मोजपट्टी! लाकडी!

त्याचं कारण असं की त्या नाण्याची कड एका जागी चपटी होती. बाबांची ती अवजड इस्त्री एकदा टेबलावरून खाली आली, ती बरोबर नाण्याच्या कडेवर. तेव्हापासून बाबांनी शिवलेल्या प्रत्येक खिशाच्या गोलाईत एक जागा किंचित सरळ यायची. बघून कळायचं नाही. पण खिशात हात घातला की बोटाच्या टोकाला लागायची. मी शाळेत गणिताच्या तासाला खिशात हात घालून त्या जागेवर बोट फिरवत बसायचो. उत्तर यायचं नाही, पण धीर यायचा.

बाबा गेले. दुकान ताईकडे आलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, बाबांच्या हाताखालीच शिकली, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि माझ्यापेक्षा साठ पट शहाणी, असं तिचं मत आहे. नाणंही ताईकडे. आणि टेबलावर एक कोट. भाच्याचा, म्हणजे ताईच्या मुलाचा. बाबांनी नातवाला शब्द दिला होता, "तुझ्या पहिल्या नोकरीचा कोट मी शिवणार." कापड बेतलं होतं, कापलं होतं, कच्चे टाकेसुद्धा घातले होते, फक्त खिसे राहिले. तेवढ्यात बाबा राहिले नाहीत. ताई म्हणाली, खिसे मी लावीन, बाबांच्याच नाण्याने लावीन.

आणि तेवढ्यात मी कडमडलो.

आता माझी ओळख राहिलीच. मी वजनमाप खात्यातला माणूस. निवृत्त. बत्तीस वर्षं दुकानादुकानातून फिरून वजनं तपासली आणि त्यांच्यावर शिक्के मारले. किलो म्हणजे किलो. मारला शिक्का, विषय संपला! निवृत्तीनंतर वेळ जाईना, म्हणून नाण्यांच्या मंडळात जायला लागलो. दर रविवारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. आठ-दहा माणसं, आठ-दहा टेबलदिवे, आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळे खाली मान घालून नाण्यांकडे बघतात. मला वाटलं, आपणही काहीतरी न्यावं. ताईला म्हटलं, "पंधरा दिवसांसाठी नाणं दे. दाखवतो आणि आणतो."

ताई म्हणाली, "पंधरा दिवस म्हणजे पंधरा."

मंडळात एक गृहस्थ आहेत. आम्ही त्यांना भिंगवाले म्हणतो, कारण गळ्यात दोरीला कायम भिंग. चहाचा कपसुद्धा भिंगातून बघून घेतात. त्यांनी बाबांचं नाणं उचललं. कडेने धरलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, श्वास रोखून बघितलं, मग सोडला श्वास आणि म्हणाले, "साल दुर्मीळ आहे. पण… कच्चं आहे."

कच्चं? म्हटलं, "म्हणजे अजून पिकायचंय का?"

"तसं नव्हे हो. ज्याला प्रत मिळालेली नाही ते कच्चं. बाहेर पाठवायचं. ते तज्ज्ञ तपासतात, अस्सल आहे का बघतात, गुण देतात आणि डबीत बंद करतात. मग ते पक्कं!"

तुम्हाला सांगतो, इथे माझं चुकलं. चुकलं ते चुकलं, कबूल करतो. कारण माझ्या मनात काय आलं माहितीये? बाबांनी जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवले. स्वतः लग्नानंतर एकदा कोट घातला असेल. त्यांना कोणी कधी कसलं प्रशस्तिपत्रक दिलं नाही. म्हटलं, निदान त्यांच्या नाण्याला तरी मिळू दे! छापील कागदावर येऊ दे की ह्या शिंप्याकडे एक दुर्मीळ वस्तू होती. माझा ऊर नुसता भरून आला आणि भरलेल्या उराने मी तो अर्ज भरला.

दोन महिने. ताईचा फोन. ताई फोनवर "कसा आहेस" वगैरे विचारत नाही. सरळ, "नाणं आलं का?"

"येईल गं."

आलं! जाड प्लास्टिकची चौकोनी डबी, चारी बाजूंनी वितळवून बंद केलेली, मध्ये एका पांढऱ्या कड्यात बाबांचं नाणं, वर लेबल. लेबलवर लिहिलेलं, "अस्सल. पंचेचाळीस." मी म्हटलं, शंभरपैकी पंचेचाळीस? काठावर पास? तर भिंगवाले म्हणाले, "शंभर नव्हे, सत्तरपैकी." सत्तर! कोणी ठरवलं सत्तर? कुठल्या शाळेत सत्तर गुणांचा पेपर असतो? "आणि कमी का दिले?" "कडेला इजा आहे ना. चपटी जागा." म्हणजे ज्या चपटेपणावर बाबांनी पन्नास वर्षं संसार चालवला, त्याचेच ह्यांनी गुण कापले!

बरं, कापले तर कापले. झालं ना पक्कं? आता परत द्यावं ना ताईला? मी उठलोच होतो. तर भिंगवाल्यांनी माझी बाही धरली. खाली बसवलं. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "पंचेचाळीस मिळाले खरे… पण कुठले पंचेचाळीस?"

म्हटलं, "कुठले म्हणजे?"

"अहो, पंचेचाळीसमध्येसुद्धा पंचेचाळीस असतात! एखादं नाणं चव्वेचाळीसवरून कसंबसं वर चढलेलं असतं, एखादं शेहेचाळीसच्या दारात उभं असतं. तुमचं कुठलं? हे तिसऱ्याने सांगायला हवं. दुसरी संस्था आहे. ती ह्या संस्थेने दिलेले गुण बरोबर दिलेत का ते बघते. बरोबर असतील तर डबीवर हिरवं स्टिकर. कमी दिले असतील तर सोनेरी. आणि जास्त दिले असतील तर…"

"तर?"

"तर काहीच नाही. तशीच परत. सगळ्यांना कळतं."

म्हणजे बघा हं! एकाने तपासलं, आणि त्याने नीट तपासलं का ते दुसऱ्याने तपासायचं! अहो, मी बत्तीस वर्षं वजनांवर शिक्के मारले, एकदा तरी कोणी मागून येऊन माझ्या शिक्क्याशेजारी दुसरा शिक्का मारला का, की "ह्या माणसाने शिक्का छान मारलाय"? मारला असता तर मी त्या वजनानेच त्याला… जाऊ दे! आणि हे लोक डबी उघडत नाहीत हं. प्लास्टिकच्या बाहेरूनच बघतात. काचेतून नवरी बघावी तसं! आणि नाणं? नाणं तेच! तसूभर हललेलं नाही, राजाने मिशीसुद्धा हलवलेली नाही. पण पाठवलं.

हो, पाठवलं! मीच पाठवलं! तुम्ही काय माझ्याकडे असं बघताय? भिंगवाल्यांनी बाही धरली की तुम्हीसुद्धा पाठवलं असतं.

तीन महिने गेले, चौथा लागला. तिकडे भाच्याची नोकरी सुरू झाली, आणि गडी ऑफिसला जातो कसा, तर बाबांनी कापलेल्या कोटात, बिनखिशाच्या! ताईने बाकी सगळं शिवून दिलं, अस्तर लावलं, बटणं लावली, खिसे तेवढे ठेवले. "बाबांच्या नाण्याशिवाय लावणार नाही." मी म्हटलं, "ताई, एखाद्या बरणीच्या झाकणाने कर ना गोल." तर फोनवर तिच्या मशीनचा खडखडाट थांबला. मग म्हणाली, "बाबांनी ह्याला शब्द दिलाय. झाकणाचा दिला नाही." भाचा बिचारा किल्ल्या एका हातात, फोन दुसऱ्या हातात, ओळखपत्र दातात धरून दार ढकलतो. त्याच्या साहेबांनी म्हणे विचारलं, "ही नवी फॅशन आहे का?" तो म्हणाला, "नाही सर, मामा."

आणि दर रविवारी, मी मंडळात भिंगवाल्यांच्या शेजारी बसलो की फोन. "नाणं आलं का?"

आलं! हिरवं स्टिकर लावून आलं! म्हणजे पंचेचाळीस ते पंचेचाळीसच, खरेखुरे पंचेचाळीस, कसेबसे चढलेले नव्हेत! मंडळातले सगळे उठून आले, डबीभोवती गोळा झाले, आणि काय बघितलं असेल? नाणं? छे हो! स्टिकर! एक म्हणाला, "हिरवा छान उतरलाय." दुसरा म्हणाला, "सरळ लावलंय बघा." तिसऱ्याने नखाने कोपरा उचकटतो का ते बघितलं. राजा बिचारा आत बसून वाट बघतोय की कोणीतरी आपल्याकडे बघेल. आणि नाणं? नाणं तेच!

मी डबी खिशात घातली. माझ्या खिशात, बाबांनीच शिवलेल्या. तर भिंगवाले काय म्हणाले असतील? सांगा! सांगाच! म्हणाले, "आता तेवढं स्टिकर अस्सल असल्याचा दाखला घेऊन टाका. आजकाल खोटी स्टिकर्स फार निघालीत."

म्हणजे नाण्याची खात्री डबी देणार, डबीची खात्री स्टिकर देणार, आणि स्टिकरची खात्री दाखला देणार! आणि दाखल्याची? मी विचारलं. तर भिंगवाले विचारात पडले. खरंच विचारात पडले हो! म्हणाले, "चांगला मुद्दा आहे."

तेव्हा पलीकडच्या टेबलावरून गणिताच्या बाई बोलल्या. ह्या एक निवृत्त शिक्षिका, मंडळात सगळ्यांत कमी बोलतात, त्यामुळे बोलल्या की सगळे गप्प होतात. त्या म्हणाल्या, "हे पाहा, स्टिकर वाईट नसतं. घेणारा दुसऱ्या गावाला बसलेला असतो, नाणं त्याच्या हातात नसतं, नुसता फोटो बघून घ्यायचं असतं, आणि एका गुणाने किंमत दुप्पट होते. तिथे आणखी एका जाणकाराची नजर हवीच. मीसुद्धा घेते. पण तुम्हाला हे नाणं विकायचंय का?"

म्हटलं, "छे! बाबांचं आहे!"

"मग एवढी खात्री तुम्ही कोणाला पटवताय?"

तुम्हाला सांगतो, शाळेत फळ्यासमोर उभं केलं की व्हायची तशी अवस्था झाली. खिशात हात घातला, बोट त्या सरळ जागेवर गेलं, आणि उत्तर काही येईना. आणि ह्या वेळी धीरही येईना.

तरी मी दुसऱ्या दिवशी दाखल्याच्या काउंटरवर गेलोच! सवय हो, काय करणार. रांगेत पाऊण तास उभा. पुढच्याच्या हातात रिकामं पाकीट होतं, तो पाकिटाच्या मोहोरेची खात्री करून घ्यायला आला होता. माझा नंबर आला, आणि तो पठ्ठ्या विचारतो, "काका, स्टिकरचा विमा उतरवायचा का?"

तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! डबी उचलली आणि तडक ताईच्या दुकानात.

ताई मशीनवर. तिने पाय थांबवला. वर बघितलं. "नाणं आलं का?"

मी डबी टेबलावर ठेवली. तिने उचलली. उलटी केली, सुलटी केली, हलवून बघितली. मग कापडावर ठेवून बाजूने खडू फिरवला आणि झालेला चौकोन मला दाखवला. म्हणाली, "हा खिसा आहे की खिडकी?"

म्हटलं, "ताई, ही सीलबंद आहे. उघडली तर सगळं वाया जाईल."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे… गुण. पंचेचाळीस. आणि स्टिकर."

"हे आपलंच नाणं कशावरून?"

मी उसळलोच! "अगं, लेबल बघ! अस्सल लिहिलंय! वर हिरवं स्टिकर बघ! दोन-दोन संस्थांनी तपासलंय!"

ताईने चष्मा कपाळावर चढवला. अगदी हळू विचारलं, "त्यांनी बाबांना बघितलं होतं का?"

सहा महिन्यांत कितीतरी तज्ज्ञांनी ते नाणं बघितलं, त्यावरचे ओरखडे मोजले, राजाच्या केसांची झीज मोजली, पण ते कशासाठी होतं हे एकालाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि मीच ते प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं होतं. लाज वाटली हो. दुसरं काही नाही, लाज.

ताईने खण उघडला आणि टिचबटणं ठोकायची हातोडी माझ्या हातात दिली. म्हणाली, "तूच बंद करवलंस. तूच उघड."

मी डबी टॉवेलात गुंडाळली. पहिला घाव घालताना डोळे मिटले. काही झालं नाही. दुसरा. तिसऱ्याला कडकन आवाज आला, आणि तुम्हाला सांगतो, पंचेचाळीस गुण, चार महिन्यांचं हिरवं स्टिकर, सगळं एका आवाजात संपलं! टॉवेल उलगडला. कड सगळीकडून उकलली होती, पण लेबल शाबूत, स्टिकर शाबूत, आणि नाणं मोकळं.

ताईने भिंतीवरच्या खिळ्यावरून बाबांचा खाकी कागदाचा बेत, म्हणजे कोटाचा कापलेला नमुना, काढला. त्यावर बाबांच्या हातची पेन्सिलीची रेघ, खिशाची. तिने नाणं रेघेवर ठेवलं. राजाचं डोकं वर. गोलाईला गोलाई लागली. आणि जिथे बाबांची रेघ किंचित सरळ गेली होती, तिथे नाण्याची चपटी जागा अशी जाऊन बसली, अशी बसली, की केसाइतकी फट नाही! जिच्यासाठी त्यांनी गुण कापले, तीच जागा!

ताई म्हणाली, "हेच."

बस्स. एक शब्द. ना अर्ज, ना रांग, ना स्टिकर. चार सेकंद! मग तिने नाक ओढलं, मला म्हणाली, "खडूची भुकटी गेली डोळ्यात," आणि मी म्हटलं, "माझ्यापण." खडू तिने केव्हाच खाली ठेवला होता.

संध्याकाळपर्यंत खिसे लागले. भाचा आला, कोट चढवला, दोन्ही हात खिशात घातले आणि उभा राहिला. उजव्या खिशात त्याचं बोट हललेलं मला कापडावरून दिसलं. सापडली त्याला जागा.

आता संपायला हवं ना? आनंदीआनंद, पडदा? पण नाही. मला काय दुर्बुद्धी झाली, ती फुटकी डबी मी घरी घेऊन आलो, आणि रविवारी मंडळात नेली. नुसती दाखवायला! भिंगवाल्यांपुढे आपटली आणि म्हटलं, "हे घ्या तुमचं पक्कं! फोडलं मी!"

भिंगवाले पांढरेफटक पडले. "फोडलीत? हिरव्या स्टिकरची डबी फोडलीत?" मग भिंग डोळ्याला लावलं. लेबल बघितलं. स्टिकर बघितलं. आतलं रिकामं कडं बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माझी बाही धरून हळूच म्हणाले, "विकणार का? अहो, रिकाम्या डब्यासुद्धा लोक जमवतात! नाणं नसलं तरी चालतं. फक्त एक करा…"

"काय?"

"ही डबी अस्सल असल्याचं एकदा बाहेरून तपासून घ्या."

आणि तुम्हाला काय सांगू… सोमवारीच ताईचं "हेच" ऐकून आलेला मी, बत्तीस वर्षं शिक्के मारलेला मी, हातोडीने ते सगळं फोडलेला मी, खाली बसलो, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "अर्ज कुठे मिळतो?"